प्रबंध आणि प्रपंच : ऋणनिर्देशाच्या पानाचे वाचन

पीएच.डी.चा प्रबंध हाती आला म्हणजे परीक्षक प्रथम अनुक्रमणिका चाळतो, मग संदर्भसूचीकडे वळतो आणि त्यानंतर उपसंहार वाचतो. ऋणनिर्देशाचे पान सहसा कोणी वाचीत नाही. प्रस्तुत लेखकाला मात्र गेली अनेक वर्षे ते पान आधी वाचण्याची सवय जडली आहे. त्या पानावरचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आरंभी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, ग्रंथपाल, मित्रमंडळी, पूर्वीचा टंकलेखक किंवा हल्लीचा अक्षरजुळणी करणारा, आणि अगदी शेवटी घरची माणसे. घरच्या माणसांच्या वाट्याला एखादेच वाक्य येते. त्यांनी सहन केले, सांभाळून घेतले, गैरसोय होऊ दिली नाही, अशा आशयाचे ते वाक्य असते. पाच-सहा वर्षांचा एक सबंध इतिहास त्या वाक्यात दडपून बसविलेला असतो. प्रबंधात प्रत्येक विधानाला आधार मागणारे आपण मार्गदर्शक या एका विधानाला मात्र कधीच आधार मागत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या केंद्रीय विद्यापीठांत संशोधनासाठी येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना या वाक्याचा अर्थ पुरता कळावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे. नांदेड, अकोला किंवा सावंतवाडी येथून दिल्ली, वाराणसी वा हैदराबाद येथे आलेल्या विद्यार्थ्याचे घर त्याच्याबरोबर येत नाही, आणि मागे राहिले म्हणून ते गप्पही बसत नाही. संशोधनपद्धतीच्या वर्गात आपण गृहीतक, साधनसामग्री, विश्लेषण यांची चर्चा करतो. परंतु ज्या खोलीत आणि ज्या माणसांत बसून ते विश्लेषण व्हावयाचे असते, त्यांचा विचार त्या वर्गात होत नाही.

संघर्षाचे मूळ प्रथम लक्षात घेतले पाहिजे. अनेक विद्यार्थ्यांना वाटते की आपल्यातच काही उणे आहे. आपण आळशी आहोत, किंवा आपल्या घरची माणसेच अडाणी आहेत, किंवा आपले लग्न चुकीच्या वेळी झाले. वस्तुतः येथे दोन पंचांगे एकमेकांवर आदळत असतात. एम.ए. होईतो वय बावीस-तेवीस झालेले असते. नेट, प्रवेश, मुलाखती यांत एखाददुसरे वर्ष जाते. पुढची पाच-सहा वर्षे म्हणजे तिशीचा उंबरठा. आपल्या समाजात लग्न, पहिले मूल, धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि वडिलांची निवृत्ती ही सारी कार्ये नेमकी याच वर्षांत येतात. विद्यापीठ ज्या वर्षांना संशोधनाची वर्षे म्हणते, त्याच वर्षांना घर संसाराची वर्षे म्हणते. दोघांचेही म्हणणे खरे असते, म्हणूनच तंटा मिटत नाही.

नियमांनी या गोष्टीची दखल अलीकडे थोडीफार घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत ३ वर्षे आणि कमाल मुदत ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. स्त्री संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्याहून २ वर्षे अधिक, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. स्त्रियांना संपूर्ण संशोधनकाळात प्रसूती आणि बालसंगोपन यांसाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. विवाहामुळे वा अन्य कारणाने स्त्री संशोधकाला दुसऱ्या गावी जावे लागले, तर तिने जमविलेली संशोधनसामग्री तेथील संस्थेकडे नेण्याचीही तरतूद आहे. हे शेवटचे कलम मी विद्यार्थ्यांकडून मुद्दाम मोठ्याने वाचून घेतो. ते उपकारक आहे यात शंका नाही, आणि पुष्कळ मुलींना त्याची माहितीच नसते. परंतु त्याची भाषा नीट पाहावी. लग्नानंतर गाव सोडावयाचे ते स्त्रीने, हे नियमालाही अगोदरच ठाऊक आहे. २४० दिवसांच्या कलमात तर बापाचा उल्लेखच नाही. मूल झाले म्हणून पुरुषाच्या प्रबंधाला उशीर होईल, अशी कल्पना नियम करणाऱ्यांच्या मनात आलेली दिसत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. घरभाडे निराळे. हा आकडा लहान नाही, पण ही वृत्ती एकंदर ५ वर्षे मिळते आणि प्रबंधाची मुदत ६ वर्षांची आहे. पुष्कळांचे लेखन नेमके सहाव्या वर्षी रंगात येते, आणि त्याच वेळी दरमहा घरी जाणारे पैसे थांबतात. घरची माणसे तोवर त्या पैशाला पगार समजू लागलेली असतात. मुलगा नोकरीला आहे असे नातेवाइकांत सांगूनही झालेले असते. या बाबतीत मनमोकळे बोलणे पहिल्या वर्षीच झाले पाहिजे. किती वर्षे पैसे येतील, केव्हा थांबतील, नंतर नोकरीची हमी आहे की नाही, हे कागदावर मांडून आईवडिलांना आणि लग्न झाले असल्यास पत्नीला वा पतीला दाखवावे. पाचव्या वर्षी ही गोष्ट कळली की घराला ती फसवणूक वाटते, आणि त्यांचे वाटणे अगदीच निराधार असते असेही नाही.

आता थोडे मागे वळून पाहू. आपल्याकडे विद्वानांची चरित्रे वाचण्याची पद्धत आहे ती स्फूर्तीसाठी. मला ती येथे साधनग्रंथ म्हणून वाचावयाची आहेत. विद्याभ्यासाच्या काळात घर कोणी चालविले, हा एकच प्रश्न त्यांना विचारून पाहावा.

धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण प्रथम आठवते. १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद १८९९ च्या सुमारास ज्ञानाच्या ओढीने घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोचले आणि तेथे भिक्षू झाले. काशीत अन्नछत्रातील जेवणावर राहून त्यांनी संस्कृत शिकून घेतले. पुढे ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. कलकत्त्यातील अध्यापन सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना ५० रुपयांची वृत्ती त्यांनी पत्करली. १९१० पासून हार्वर्डला त्यांच्या फेऱ्या झाल्या आणि 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम त्यांनी तेथे केले. ती आवृत्ती १९५० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाली. धर्मानंदांना कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, तेव्हा त्यांना पीएच.डी.चे उदाहरण म्हणता येणार नाही अशी शंका कोणी घेईल. परंतु विद्येसाठी घर सोडण्याची जी जुनी भारतीय रीत, तिचे इतके प्रामाणिक उदाहरण अर्वाचीन काळात दुसरे सापडणे कठीण.

त्यांचे 'निवेदन' १९२४ साली प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार वरचे आहे, आणि घर सोडतानाची मनाची ओढाताण त्यांनी लपविलेली नाही. तथापि ते वाचताना एक गोष्ट सारखी मनात येते. अन्नछत्रात धर्मानंदांना जेवण मिळाले, त्या दिवसांत गोव्यातील घरी कोणाचे कसे चालले होते? कलकत्त्याची नोकरी सोडून ५० रुपये पत्करल्यावर त्या ५० रुपयांत महिना कोणी भागविला? बाळाबाईंच्या बाजूचे असे पुस्तक आपल्यापाशी नाही. धर्मानंदांचा थोरपणा याने तसूभरही कमी होत नाही. त्यांच्या कन्या माणिक यांनी पुढे अमेरिकेत शिक्षण घेतले आणि पुत्र दामोदर यांचे नाव तर गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर गेले. विद्या त्या घराबाहेर राहिली नाही, ती घरात आली. तरीही मधल्या सात वर्षांचे बिल कोणी भरले हा प्रश्न उरतोच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्याभ्यासाकडे या दृष्टीने पाहताना लेखणी सावकाश चालते. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला पोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचविले. १९२३ मध्ये पैसे संपत आल्याने ते मुंबईस आले, येथेच प्रबंधाची दुरुस्ती केली आणि त्याच वर्षी त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून सादर केल्यावर, १९२७ मध्ये हाती आली. एका पदवीसाठी १९१३ ते १९२७ असा काळ लागला, आणि तो आंबेडकरांसारख्या माणसाला लागला, हे आजच्या विद्यार्थ्याने मुदतवाढीचा अर्ज करताना लक्षात ठेवावे. मुदत संपली याचा अर्थ बुद्धी संपली असा होत नाही.

परंतु या साऱ्या काळात परळच्या चाळीतील बिऱ्हाड रमाबाईंनी चालविले. पाच अपत्यांपैकी केवळ यशवंतराव जगले. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. रमाबाई स्वतः २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. बाबासाहेबांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी पत्नीचा केवळ नामनिर्देश केलेला नाही. तिच्या स्वभावातील गुण सांगितले आहेत, आणि मित्र नसलेल्या, विवंचनेच्या त्या दिवसांत तिने आपल्याबरोबर जे सोसले त्याची स्पष्ट नोंद केली आहे. ज्या ऋणनिर्देशाच्या पानाविषयी मी आरंभी बोललो, त्या पानाचा एक श्रेष्ठ नमुना म्हणून ती अर्पणपत्रिका प्रत्येक संशोधकाने मुळातून वाचावी. मात्र ती लिहिली गेली तेव्हा रमाबाईंना जाऊन पाच वर्षे झाली होती, हेही वाचताना विसरता येत नाही.

इरावती कर्वे यांची गोष्ट निराळी आहे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाईंनी मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये मानवशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतल्या. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती. पत्नीने तेथे जावे हा आग्रह त्यांचा होता. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची मात्र या बेताला अनुकूलता नव्हती. स्त्रीशिक्षणासाठी सारा जन्म वेचलेल्या महापुरुषाच्या घरातसुद्धा सुनेने परदेशी जाऊन डॉक्टरेट करण्याचा प्रश्न आला तेव्हा एकमत झाले नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ती महर्षींच्या निंदेसाठी सांगत नाही. आपल्या घरचे लोक विरोध करतात म्हणून ते शिक्षणाचेच शत्रू आहेत असा निष्कर्ष काढण्याची घाई तरुण संशोधकांनी करू नये, एवढ्यासाठी सांगतो. विरोध पुष्कळदा विद्येला नसतो. तो खर्चाला, अंतराला, लोकांच्या बोलण्याला असतो, आणि त्या प्रत्येकाचे उत्तर निराळे असते.

याच इरावतीबाईंनी पुढे 'परिपूर्ती' हा ललित निबंध लिहिला. एका समारंभात त्यांची ओळख करून देताना कोणाची कन्या, कोणाची सून, कोणाची पत्नी असे सारे सांगितले जाते. तरी ओळखीत काही उणे राहिल्याची रुखरुख त्यांना लागते. परतताना रस्त्यावरची मुले, ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई, असे एकमेकांत बोलतात, आणि त्यांना ओळख पूर्ण झाल्यासारखे वाटते. माझ्या वर्गात या निबंधावर दरवर्षी वाद होतो. काही मुली रागावतात. बर्लिनची डॉक्टरेट असलेल्या विदुषीला आईपणात परिपूर्ती का वाटावी, असे त्या विचारतात. काहींना तो निबंध नुसता गोड वाटतो. मला स्वतःला त्यात एक सूक्ष्म मिस्किलपणाही दिसतो, परंतु मी तो मुलींवर लादीत नाही. मानवशास्त्राने नातेसंबंधांचे जे कोष्टक त्यांना शिकविले, त्याच कोष्टकात स्वतःला बसवून पाहण्याचे धैर्य त्या निबंधात आहे. विद्या आणि घर यांची वाटणी त्यांनी दोन कप्प्यांत केलेली नाही.

कमला सोहोनी यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. माहेरच्या त्या भागवत. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळविण्यासाठी त्यांना सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नकाराशी झगडावे लागले, आणि पहिले वर्ष त्यांना उमेदवारीच्या अटीवर घेण्यात आले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या भारतात आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांचा विवाह १९४७ मध्ये झाला, तेव्हा वयाची पस्तिशी उलटली होती. प्रबंध आधी, प्रपंच नंतर, हा मार्ग त्यांना साधला. आजही अनेक मुली तो योजतात. पण त्यासाठी घरून दहा वर्षे स्वस्थ बसू देणारे आईवडील लागतात, आणि ते किती जणींना मिळतात हे प्रत्येकीने स्वतःच्या घरी पाहावे.

या चौघांत एक साम्य आहे. प्रबंधाचे किंवा विद्याभ्यासाचे मुख्य काम त्यांपैकी प्रत्येकाने घरापासून दूर राहून केले. घर सोडून, घर कोणावर तरी सोपवून, मूल होण्यापूर्वी किंवा लग्नाआधी. एकाच छपराखाली एकाच वेळी पाळणा आणि प्रबंध हलविण्याचा प्रसंग आजच्या संशोधकावर येतो, तो या थोरांवर त्या रूपात आला नाही. बाबासाहेबांनी मुंबईच्या बिऱ्हाडी केलेली प्रबंधाची दुरुस्ती एवढाच काय तो अपवाद. म्हणून पूर्वसूरींची चरित्रे आदरणीय असली तरी या बाबतीत रीत आपली आपणच घालावी लागणार आहे. येथे तारेवरच्या कसरतीची उपमा सर्रास दिली जाते. मला ती मान्य नाही. तारेवर एकटाच माणूस चालतो आणि बाकीचे खाली उभे राहून पाहतात. घरात कोणीही नुसते पाहणारे नसते. एकाने तोल सावरला की त्याचा भार दुसऱ्याच्या अंगावर पडतो.

रीत म्हणून जे काही सांगता येते ते विद्यार्थ्यांकडूनच शिकलो. संशोधनाचे काम एका जातीचे नसते, ही त्यातील मुख्य गोष्ट. मूळ साधनांचे पहिले वाचन आणि प्रकरणाचा पहिला खर्डा यांना अखंड वेळ लागतो. तीन तास सलग नसतील तर ती कामे होत नाहीत, आणि अर्ध्या तासात ती करू पाहणाऱ्याच्या पदरी केवळ चिडचिड पडते. याउलट संदर्भ ताडून पाहणे, टिपणांना विषयवार क्रम लावणे, सूची करणे, अवतरणे उतरवून घेणे, शुद्धलेखन तपासणे ही कामे तुकड्यातुकड्यांनी होतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या अवधीत दोन संदर्भ ताडून होतात. बहुतेक विद्यार्थी नेमके उलट करतात. सकाळचा शांत वेळ सूचीत घालवितात आणि रात्री दमून प्रकरण लिहावयास बसतात. कामांची अशी दोन पत्रके करून भिंतीला लावावीत. अखंड वेळ आठवड्यातून दोनदाच मिळत असेल तर दोनदाच मिळेल, पण तो कोणत्या दिवशी आणि त्या वेळी मूल कोणापाशी, हे घरात आधी ठरलेले असावे. रोज उठून मागावा लागणारा वेळ भिक्षेसारखा वाटू लागतो, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

दुसरी युक्ती एका विद्यार्थिनीची. काम मध्येच सोडून उठावे लागते हे ओळखून ती प्रत्येक वेळी वहीच्या शेवटच्या ओळीत पुढचे पाऊल लिहून ठेवी. अमुक बखरीतील अमुक पान पाहणे, येथे विरोधी मत घालणे, इतकेच. चार दिवसांनी वही उघडली तरी आरंभ कोठून करावा याचा शोध घ्यावा लागत नसे. तिने प्रसूतीची रजा घेतली तेव्हा विभागातील काही मंडळींनी, आणि खरे सांगावयाचे तर मीही, हा प्रबंध आता बुडाला असेच धरून चाललो होतो. ती परत आली, आणि त्या शेवटच्या ओळीपासून तिने तिसरे प्रकरण सुरू केले.

पुरुष विद्यार्थ्यांविषयी मला अधिक चिंता वाटते, कारण त्यांना स्वतःला ती वाटत नाही. लग्न करून पत्नीला दिल्लीस आणावयाचे, विद्यापीठाजवळच्या एका खोलीत संसार मांडावयाचा, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ ग्रंथालयात बसावयाचे. विवाहित संशोधकांसाठी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील महानदी वसतिगृहासारखी सोय सर्वत्र नाही. परक्या भाषेच्या शहरात, एका खोलीत, बारा तास एकटी असलेली ती मुलगी पुष्कळदा स्वतः बी.ए. किंवा एम.ए. झालेली असते. तिच्याही शिक्षणाचे काही ठरले होते का, असे मी विचारतो तेव्हा विद्यार्थी गोंधळतात. एकाने सांगितले, माझे झाले की तिचे. त्याचे होईतो सात वर्षे गेली आणि तिचे वय प्रवेशाच्या उत्साहापलीकडे गेले. तो आज चांगला अध्यापक आहे. त्याचा प्रबंधही उत्तम होता.

सणांचा विषय किरकोळ वाटेल, पण तंटे येथूनच सुरू होतात. गणपतीत आणि दिवाळीत घरी यावे ही अपेक्षा असते, झेलम एक्स्प्रेसचे आरक्षण मिळत नाही, आणि नेमके तेव्हाच प्रकरण द्यावयाचे असते. माझा सल्ला असा की वर्षातून एकदाच, पण पुरते पंधरा दिवस घरी जावे आणि त्या पंधरा दिवसांत प्रबंधाची पिशवी उघडू नये. चार दिवसांसाठी जाऊन तेथेही संगणक उघडून बसणाऱ्याचे घरही होत नाही आणि कामही.

मार्गदर्शकांचा वाटा राहिलाच, आणि तेथे मला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. माझा प्रबंध १९८६ साली सादर झाला. देवनागरी टंकयंत्रावर, कार्बन घालून चार प्रती काढल्या होत्या. टंकलिखित प्रत हस्तलिखिताशी ताडून पाहण्याचे काम रात्री मूल झोपल्यावर चाले. माझी पत्नी हस्तलिखित वाचीत असे, विरामचिन्हांसह, आणि मी टंकलिखितात चुका टिपीत असे. दिवसा ती शाळेत शिकवी. चारशेहून अधिक पाने अशी वाचून झाली. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती प्रत पुन्हा चाळावयास मिळाली, तेव्हा सवयीप्रमाणे ऋणनिर्देशाचे पान आधी उघडले. टंकलेखकाचे संपूर्ण नाव तेथे आहे, त्याच्या अचूकपणाची प्रशंसाही आहे. पत्नीचा उल्लेख केवळ 'माझी पत्नी' असा आहे, नाव नाही. घरी येऊन मी तिला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, टंकलेखकाने 'ज्ञानेश्वरी' सगळीकडे ऱ्हस्व केली होती, ती मीच काढली होती, आठवते का तुम्हांला?

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांकडून ऋणनिर्देशाचा कच्चा खर्डा पहिल्या प्रकरणाबरोबरच मागतो. त्यात कोण काय करीत आहे हे नावानिशी लिहावे, असे सांगतो. प्रथम सारेजण हसतात. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने आणलेल्या खर्ड्यात शेजारच्या एका वृद्ध पंजाबी बाईंचे नाव होते. दर बुधवारी दुपारी चार ते सहा तिची मुलगी त्या बाई सांभाळतात, आणि त्या दिवशी त्यांची देवळातील कीर्तनाची वेळ चुकते, असे तिने लिहिले होते. बुधवारी साडेचारला तिची भेट मी ठरविलेली होती. तो वेळ माझ्या सोयीचा होता, तिला कधी विचारलेच नव्हते. आता आम्ही बुधवारी सकाळी अकराला बसतो, मुलगी शाळेत असते तेव्हा.